कोल्हापूरच्या हवेत पाळीव साप-सरड्यांची ऊब आणि ओल कशी सांभाळायची: नवीन लोकांसाठी

माझा पहिला बॉल पायथन घरी आला तेव्हा जून संपत आला होता. बाहेर झड लागलेली, आणि मी व्हिडिओ बघून रोज सकाळ-संध्याकाळ टँकमध्ये स्प्रे मारायचो, कारण व्हिडिओतला माणूस तसंच सांगत होता. तो राहतो तिथं घरात हीटर चालतात, हवा कोरडी ठणठणीत होते, तिथं ते बरोबरच आहे. पण राजारामपुरीत जुलैमध्ये भिंतीला हात लावला तरी ओल लागते आणि मी त्यात अजून पाणी मारत होतो. तिसऱ्या आठवड्यात साप हातात घेतला तर पोटाच्या खवल्यांवर तांदळाच्या दाण्याएवढे पाणीदार फोड. दोन-तीन खवले कडेने तपकिरी झालेले. डॉक्टरांचं औषध, रोज कोरडा कागद, आणि दोनदा कात टाकून झाल्यावर पोट परत नीट झालं.

त्यानंतर चार पावसाळे गेले. आता घरात एक बॉल पायथन आणि एक बिअर्डेड ड्रॅगन (हा सरडा) आहे, म्हणजे एकाला ओल पाहिजे आणि दुसऱ्याला नको. कोल्हापुरात नवीन कुणी हा छंद सुरू केला की तेच ते प्रश्न विचारतात म्हणून सगळं एका जागी लिहितोय. मुख्य गोष्ट आधीच सांगतो, आपल्याकडं वर्षात तीन वेगळ्या हवा असतात, त्यामुळं एकदा सेट केलं आणि विसरलं असं इथं चालत नाही. मोजायचं, आणि हवा बदलली की सेटिंग बदलायचं.

१. आधी कागद, मग प्राणी

आपल्या रानातला कुठलाही साप, घोरपड, मांडूळ, स्टार कासव घरात ठेवायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो गुन्हा आहे. मांडूळ पैसा आणतं म्हणून गळ्यात मारणारे लोक फिरत असतात, त्यांना दारातूनच परत पाठवा. परदेशी जातींपैकी ज्या साइटीसच्या, म्हणजे वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, यादीत आहेत (बॉल पायथन आणि ग्रीन इग्वाना दोन्ही आहेत) त्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. प्राणी घेतला, दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली किंवा मेला, सगळं कळवायचं असतं. आपली जात यादीत आहे का ते पैसे द्यायच्या आधी बघायचं.

माझ्या फाइलमध्ये एवढं असतं:

– विकणाऱ्याचं बिल, त्यावर तारीख आणि प्राण्याचं शास्त्रीय नाव
– विकणाऱ्याच्या स्वतःच्या नोंदणीची प्रत
– माझं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
– प्राण्याचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो
– परिवेशवर भरलेल्या अर्जाची प्रत

"पेपर नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून प्राणी घेऊ नका, कितीही देखणा असला तरी.

२. आपल्या प्राण्याचे आकडे लिहून भिंतीला चिकटवा

हे प्राणी अंगातली ऊब स्वतः तयार करत नाहीत, बाहेरून घेतात. गरम जागेवर बसतात, पुरे झालं की गार जागेवर सरकतात. म्हणून टँकमध्ये एकच टेंपरेचर नको, एक टोक गरम आणि दुसरं गार पाहिजे, म्हणजे कुठं बसायचं ते प्राणी ठरवतो. सगळा टँक ३२ अंशाला ठेवला तर तो पळणार कुठं?

बॉल पायथन: गरम बाजू ३१ ते ३३ अंश, गार बाजू २५ ते २७, ह्युमिडिटी (हवेतली ओल) ५५ ते ७० टक्के, कात टाकायच्या दिवसांत थोडी जास्त.

कॉर्न स्नेक: गरम बाजू २८ ते ३०, गार बाजू २३ ते २५, ह्युमिडिटी ४० ते ६०.

बिअर्डेड ड्रॅगन: दिव्याखालची बसायची जागा ३८ ते ४२, गार बाजू २५ ते २८, रात्री २० पर्यंत उतरलं तरी चालतंय, ह्युमिडिटी ३० ते ४०. शिवाय यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) पाहिजेच.

क्रेस्टेड गेको (पालीच्या जातीतला): २२ ते २६. २८ च्या वर त्याला त्रास सुरू होतो. कोल्हापुरात एप्रिल-मे मध्ये एसी नसलेल्या घरात हा प्राणी ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेतला, उंदरांच्या बिळात आणि वारुळात दिवस काढणारा, तिथली हवा कोंदट आणि उबदार. बिअर्डेड ड्रॅगन ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या मुलखातला. एवढं लक्षात ठेवलं तरी कुणाला काय लागणार याचा अंदाज येतो.

३. सामान

– डिजिटल थर्मामीटर-हायग्रोमीटर (ऊब आणि ओल मोजणारा मीटर) दोन नग, एक गरम बाजूला, एक गार बाजूला
– पृष्ठभाग किती गरम ते मोजायची इन्फ्रारेड गन
– थर्मोस्टॅट (ठरवलेल्या टेंपरेचरला हीटर बंद करणारा), याच्याशिवाय हीटरची वायर सॉकेटला लावायचीसुद्धा नाही
– हीट मॅट किंवा सिरॅमिक हीट एमिटर, ड्रॅगनसाठी हॅलोजन आणि यूव्हीबी
– पोर्सिलीनचा होल्डर आणि जाळीचं कव्हर
– कोकोपीट आणि नारळाच्या सालीचे तुकडे, दोन्ही नर्सरीत मिळतात
– स्फॅग्नम मॉस (ओल धरणारं शेवाळ), ऑर्किडचं सामान ठेवणाऱ्या नर्सरीत विचारा
– झाकणाचा प्लास्टिकचा डबा, पाण्याचं जड भांडं, दोन सारख्या लपायच्या जागा
– थर्माकोलचा बॉक्स आणि दोन गरम पाण्याच्या पिशव्या, कशाला ते पुढं सांगतो

काचेला चिकटवायचे काट्याचे गोल मीटर येतात ते घेऊ नका. माझ्याकडं असे दोन होते, एकाच जागी ठेवले तर एक ४५ दाखवायचा आणि दुसरा ७०.

डिजिटल मीटरसुद्धा घरी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा, पाणी वर तरंगायला नको. ते झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवा. सकाळी मीटरवर ७५ च्या आसपास दिसायला पाहिजे. ७० दिसलं तर तुमचा मीटर ५ ने कमी दाखवतोय, मागच्या बाजूला पेनाने लिहून ठेवा "+५". पंधरा मिनिटांचंही काम नाही, पण पुढचं सगळं यावर उभं आहे.

४. आधी खोली ओळखा

ही पायरी सगळे गाळतात. प्राणी यायच्या आधी आठ दिवस मीटर त्या खोलीत नुसता ठेवा, जिथं टँक येणार बरोबर तिथं, आणि सकाळी सहाला, दुपारी अडीचला, रात्री अकराला आकडा वहीत लिहा. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. मे महिन्यात दुपारी हॉलमध्ये ३६ अंश आणि आतल्या बेडरूममध्ये ३२, एकाच घरात, मध्ये फक्त एक भिंत. टँक हॉलमध्ये मांडायचा सगळ्यांचा हट्ट होता, वही दाखवल्यावर आईच म्हणाली, "त्याला आत ने रे, इथं आपल्यालाच बसवत नाही."

थर्मोस्टॅट फक्त हीटर बंद करू शकतो, टँक गार करू शकत नाही. खोलीच ३६ ला गेली तर टँकसुद्धा ३६ ला जाणार. म्हणून वर्षातली सगळ्यात गार आणि सगळ्यात स्थिर खोली शोधायची. पश्चिमेची भिंत नको, खिडकीचं ऊन नको, पत्र्याखाली तर नकोच, आणि स्वयंपाकघराजवळही नको, फोडणीचा धूर यांना सोसत नाही.

५. पेटी आणि वारा

काचेचा टँक आणि वर सगळी जाळी, हा दुकानात मिळणारा नेहमीचा प्रकार. ड्रॅगनला चालतो. बॉल पायथनला उन्हाळ्यात आणि थंडीत त्रासाचा, कारण ऊब आणि ओल दोन्ही वरून निघून जातात. तसा टँक घेतलाच असेल तर जाळीचा दोन तृतीयांश भाग पॉलिकार्बोनेट शीटने झाका, शीट सुट्टी ठेवा, पावसाळ्यात काढायची आहे.

मी नंतर प्लायवूडची, आतून लॅमिनेट लावलेली, पुढं सरकत्या काचेची पेटी सुताराकडून करून घेतली. चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच, एका मोठ्या बॉल पायथनला पुरते. सगळे सांधे सिलिकॉनने भरायला सांगा नाहीतर पहिल्या पावसाळ्यात प्लाय फुगतो, आणि सिलिकॉन पूर्ण वाळून वास गेल्याशिवाय प्राणी आत सोडायचा नाही, मी पंधरा दिवस थांबलो होतो. हवेची भोकं गार बाजूला खाली आणि गरम बाजूला वर ठेवा. गरम हवा वरनं बाहेर जाते आणि खालनं ताजी हवा आपोआप आत येते. दोन्हीकडं एकाच उंचीला भोकं पाडली तर वारा खेळत नाही आणि कोपऱ्यात बुरशी धरते.

६. ऊब

हीट मॅट काचेच्या टँकला बाहेरून, खालच्या बाजूला, तळाच्या एक तृतीयांश भागावर. टँक चार पायांवर थोडा उचलून ठेवा म्हणजे मॅटखाली वारा राहील. मॅटच्या वर कोकोपीटचा जाड थर टाकू नका, ऊब वर येत नाही आणि खाली काच तापत राहते. लाकडी पेटीला मॅट लावायचीच नाही, तिथं वरनं सिरॅमिक एमिटर. तो दिवा नाही, उजेड देत नाही, पण हात लावला तर चटका बसेल एवढा तापतो, म्हणून होल्डर पोर्सिलीनचा पाहिजे, प्लास्टिकचा वितळतो, आणि भोवती जाळी पाहिजे कारण साप उबेला जाऊन त्याला वेटोळं घालतो. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, अर्थिंग तपासा.

गरम होणारे दगड बाजारात मिळतात, ते नकोत. लाल बल्बही रात्री नको, यांना तो उजेड दिसतो आणि त्रास होतो.

आता थर्मोस्टॅट. दिव्याला डिमिंगवाला, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारा, लागतो, साधा ऑन-ऑफ लावला तर हॅलोजन सारखा चालू-बंद होऊन लवकर जातो. मॅटला आणि सिरॅमिकला साधा ऑन-ऑफ चालतो. उघड्या सर्किटचं स्वस्त मॉड्यूल घेऊन घरच्या लाइनवर जोडू नका. पेटीबंद, तयार सॉकेटवाला घ्या.

यातला सगळ्यात मोठा धोका म्हणजे प्रोब, ती काळी वायर जिच्या टोकाला सेन्सर असतो. माझा प्रोब सेलोटेपने चिकटवलेला होता. एका रात्री सापाने ढकलला आणि तो पाण्याच्या भांड्यात पडला. पाणी गार, त्यामुळं थर्मोस्टॅटला वाटलं टँक गार आहे आणि त्यानं मॅट रात्रभर बंदच केली नाही. सकाळी गनने मोजलं तर काच ४६ अंश. साप गार बाजूच्या कोपऱ्यात पाण्याच्या भांड्याला चिकटून बसला होता, गार बाजू होती म्हणून वाचला. त्या दिवसापासून प्रोब केबल क्लिपने आणि स्क्रूने पक्का, आणि थर्मोस्टॅट दोन, एकामागे एक. पहिला ३२ ला बंद करतो. दुसरा ३५ ला सेट आहे, पहिल्याने दगा दिला तर तो लाइन तोडतो. दुसऱ्याचा प्रोब वेगळ्या जागी लावा.

सेलोटेप टँकच्या आत अजिबात नको, हे वेगळं सांगतो. सापाच्या खवल्यांना चिकटला की काढताना कातडी निघते.

सेट केल्यावर प्राणी न ठेवता पेटी तीन दिवस चालवा. गनने गरम जागा मोजा, मीटरने हवा मोजा. दोन्ही आकडे वेगळे येतात आणि दोन्ही लागतात, गन पृष्ठभाग सांगते, मीटर हवा सांगतो.

७. ओल

ह्युमिडिटीचा आकडा हा नुसता हवेत पाणी किती ते सांगत नाही, त्या टेंपरेचरला हवा जेवढं पाणी धरू शकते त्यातलं किती भरलंय ते सांगतो. हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते, म्हणून पाणी तेवढंच असलं तरी आकडा खाली येतो.

हिशोब करून बघा. जुलैमध्ये खोलीत २४ अंश आणि ९० टक्के. हीच हवा टँकच्या गरम बाजूला ३२ ला गेली की आकडा ५६ च्या आसपास येतो, आणि गार बाजूला २६ ला ८० च्या आसपास. म्हणजे एक थेंब न मारता बॉल पायथनला पाहिजे त्याच्या जवळ आपण आलोय, उलट गार बाजू जास्तच ओली आहे. मे महिन्याच्या दुपारी बाहेर ३८ अंश आणि २५ टक्के असेल आणि तीच हवा गार खोलीत २८ ला आली तर ४४ टक्के होते, तिथं मात्र पाणी घालावं लागणार. म्हणून स्प्रे दिवसातून किती वेळा मारायचा याला उत्तर नाही. मीटर काय म्हणतोय ते बघायचं.

आणि मारायचा झाला तरी स्प्रे हा शेवटचा उपाय. स्प्रेने वरचा थर भिजतो, आकडा अर्धा तास ९० ला जातो आणि परत पडतो, साप मात्र ओल्या थरावर झोपतो आणि पोटाला फोड येतात. त्यापेक्षा कोकोपीट आणि नारळाची साल मिसळून तीन-चार इंच थर करा (हीट मॅट असेल तर तिच्या वरचा भाग सोडून) आणि पाणी चारही कोपऱ्यांत हळूहळू ओता, वरनं शिंपडू नका. पाणी खाली जातं, तळाचा थर ओला राहतो, वरचा कोरडा. बोट खुपसून बघा, वरचं पहिलं पेर कोरडं लागलं पाहिजे आणि खाली गार ओल लागली पाहिजे. मूठभर कोकोपीट दाबलं तर गोळा व्हावा, पाणी गळू नये. कुंडीतली माती बघतो तसंच.

त्याशिवाय एक ओला डबा. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्याला साप जाईल एवढं भोक, कडा सँडपेपरने घासून गुळगुळीत, आत पिळून घेतलेलं मॉस. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे दुधाळ निळे होतात, त्या दिवसांत तो आपणहून त्यात जाऊन बसतो. मॉस आठवड्याला धुवा, वास आला तर टाकून द्या.

पाइन किंवा देवदाराचा भुसा खाली टाकू नका, त्यातल्या तेलाचा श्वासाला त्रास होतो. डांबर गोळ्या, कापूर, मच्छर कॉइल, लिक्विड मशीन, फवारा, उदबत्ती, यातलं काहीही त्या खोलीत नको. गल्लीत डासांच्या धुराची गाडी आली की मी खिडक्या बंद करून पेटीच्या भोकांवर तासभर ओलं फडकं टाकतो.

८. कोल्हापूरचं वर्ष

उन्हाळा, मार्च ते मे. काम गार करायचं. दिवसा हीटर आपोआप बंदच राहतो, राहू दे. खोलीच्या खिडक्यांना दुपारी गोणपाट भिजवून लावा, कूलर असेल तर उत्तम कारण तो गारवा आणि ओल दोन्ही देतो, पण झोत थेट पेटीवर नको. कुंभाराकडून मातीचं पसरट परळ आणा, पाण्यात भिजवा, गार बाजूला उपडं ठेवा आणि कडेला जायला जागा ठेवा. मातीतनं पाणी सुटत राहतं आणि खाली खोलीपेक्षा तीन-चार अंश कमी भरतं, मी गनने कित्येकदा मोजलंय. माझा साप एप्रिलमध्ये दिवसभर त्याच्याखालीच असतो. आतलं टेंपरेचर ३५ च्या वर जायला लागलं तर वाट बघू नका, साप कापडी पिशवीत घालून घरातल्या सगळ्यात गार फरशीच्या खोलीत न्या. बर्फ थेट आत टाकायचा नाही.

ड्रॅगनला सकाळचं कोवळं ऊन द्यायचं असेल तर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्यावर सावली करून, आपण समोर बसून, आठच्या आसपास वीस मिनिटं. काचेचा टँक उचलून उन्हात ठेवायचा नाही, काही मिनिटांत भट्टी होते आणि प्राणी मरतो. शिवाय काचेतून यूव्हीबी येतच नाही, त्यामुळं खिडकीच्या काचेआडच्या उन्हाचा त्या बाबतीत उपयोग नाही.

पावसाळा, जून ते सप्टेंबर. इथं नवीन लोकांचे प्राणी सगळ्यात जास्त आजारी पडतात. ओल आणि ऊब एकत्र असली तर प्राणी सोसतो, ओल आणि गारठा एकत्र आला की छाती भरते. म्हणून पावसाळ्यात हीटर बंद करायचा नाही, "आता गरम होत नाही ना" म्हणून काही जण हमखास करतात. जाळीवरची शीट काढा, वारा खेळू दे, खोलीतला पंखा सगळ्यात कमी स्पीडवर चालू ठेवा. कोपऱ्यांत पाणी ओतणं बंद. पाण्याचं भांडं गरम बाजूकडून गार बाजूला न्या आणि लहान करा. ड्रॅगनचं पाण्याचं भांडं मी पावसाळ्यात पेटीत ठेवतच नाही, त्याला बाहेर काढून पाणी पाजतो, आणि खाली कोरडा कागद अंथरतो, रोज बदलतो. सलग आठ दिवस झड असेल तर दिवसातून दोन तास एसी ड्राय मोडवर. कोकोपीट महिन्याला पूर्ण बदला. पांढरी बुरशी दिसली तर वरवर काढून भागत नाही, सगळं टाका, पेटी पुसा, वाळवा.

थंडी, नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पहाटे बाहेर १४-१५ अंश, बंद खोलीत २० च्या आसपास. एवढी थंडी सोपी आहे, सिरॅमिक आणि थर्मोस्टॅट सांभाळतात. पण हीटर जास्त चालतो म्हणून हवा कोरडी होते, शीट परत लावा, कोपऱ्यांत पाणी परत सुरू. १०० वॉटचा सिरॅमिक दिवसभर अखंड चालला तर २.४ युनिट जळतात, थर्मोस्टॅटमुळं प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास. पेटीला मागून आणि वरून थर्माकोल लावला की अजून कमी, फक्त हवेची भोकं आणि एमिटरची जागा मोकळी सोडा.

९. लाइट गेली तर, आणि पूर आला तर

दोन-चार तास लाइट गेली तर काही करायचं नाही, पेटी उघडू नका, भोकं सोडून वरनं जाड चादर टाका. बॉल पायथन एक रात्र २३-२४ अंशाला निभावतो. त्याच्या पुढं गेलं की थर्माकोलचा बॉक्स काढा, झाकणाला हवेची भोकं पाडलेला. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये दोनदा गुंडाळून एका टोकाला, कापडी पिशवीतला साप दुसऱ्या टोकाला, आत मीटर. टॉवेलवर आपला हात आरामात ठेवता आला पाहिजे, भाजत असेल तर अजून एक घडी.

लाइटचा भरवसा नसेल त्या आठवड्यात खायला घालू नका. पचायला ऊब लागते, ऊब नसली की भक्ष्य पोटात सडतं आणि साप उलटी करतो, त्यानं लहान सापाचा जीवही जातो.

२०१९ आणि २०२१ ला काय झालं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली होता, पुण्याला जायचा रस्ताच नव्हता. म्हणून राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की मी तयारीला लागतो, ४३ ची धोका पातळी यायची वाट बघत नाही. नदीकडच्या भागात राहत असाल तर तळमजल्यावरची पेटी तेव्हाच वर हलवा, इन्व्हर्टरची बॅटरीसुद्धा. उंचावरच्या ओळखीच्या घराशी आधीच बोलून ठेवा, त्यांना प्रत्यक्ष साप दाखवा, भीती आधीच गेलेली बरी. थर्माकोल बॉक्स, पिशव्या, पिण्याचं पाणी आणि वर सांगितलेली फाइल प्लास्टिकमध्ये गुंडाळून एका जागी. फाइल विसरू नका, पूरग्रस्तांच्या गर्दीत साप घेऊन निघालात तर पहिला प्रश्न तोच येणार.

१०. प्राणी काय सांगतोय ते बघा

सारखा गरम बाजूलाच चिकटलेला असेल तर पेटी गार आहे. सारखा पाण्यात बसत असेल तर गरम होतंय, नाहीतर अंगावर माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) आहेत, पाण्यात मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके दिसतात का बघा. ड्रॅगन दिव्याखाली तोंड उघडून बसला तर तो ऊब बाहेर टाकतोय, थोडा वेळ असं बसणं नॉर्मल आहे. साप मात्र तोंड उघडून, मान वर करून श्वास घेत असेल, नाकाशी बुडबुडे असतील, कानाजवळ धरल्यावर शिट्टीसारखा किंवा खरखर आवाज येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर सरपटणारे प्राणी बघत नाहीत, म्हणून कोण बघतो ते प्राणी आणायच्या आधी विचारून ठेवा, गरज पडल्यावर शोधत बसायला वेळ नसतो. जाताना वही घेऊन जा, मागच्या महिन्याचे आकडे बघून त्यांना निम्मं कळतं.

आणि कात. ओल बरोबर असेल तर सापाची कात मोज्यासारखी उलटी होऊन एका तुकड्यात निघते. ती लगेच टाकून देऊ नका. कोमट पाण्यात भिजवून परातीत पसरा, डोक्याकडचा भाग उजेडात धरा. डोळ्यांच्या जागी दोन गोल पारदर्शक काचा दिसल्या पाहिजेत, आणि दुसऱ्या टोकाला शेपटीची टोकदार टोपी. एखादी काच नसेल तर ती अजून सापाच्या डोळ्यावरच आहे. चिमट्याने किंवा नखाने काढायला जाऊ नका, डोळा जाईल. ओल्या डब्यात ताजं मॉस भरा, एक-दोन दिवस त्याला त्यात बसू दे, नाही निघाली तर बऱ्याचदा पुढच्या कातीबरोबर निघते, दोन कातींनंतरही राहिली तर डॉक्टर. शेपटीची टोपी अडकली असेल तर मात्र थांबू नका, ती वाळून आवळते आणि टोक काळं पडतं. साप ओल्या टॉवेलमध्ये घेऊन तळहात बंद करा आणि त्याला त्यातनं सावकाश सरकू द्या, टोपी टॉवेलला लागून आपोआप निघते.